बाबांच्या चाकूचा बोल

जुना चाकू घेऊन आलेलं गिऱ्हाईक "अगदी नव्यासारखा करून द्या" म्हणालं, की घुम्याचं डोकं फिरायचं. "नवा हवाय ना? मग असेच सरळ जा, कोपऱ्यावर भांड्यांचं मोठं दुकान आहे, तिथे ढिगाने मिळतात," असं तो तोंडावर सांगायचा. गिऱ्हाईक गोंधळून जायचं. एखादं रागावून पायऱ्याही उतरायचं. मग शेजारच्या गाळ्यातला घड्याळजी, डोळ्यावरचं भिंग न काढताच, म्हणायचा, "घालव, घालव. आता एक कुत्रं पाळ आणि सोड लोकांच्या अंगावर, म्हणजे कामच झालं."

घुम्या खिशातले जुने चाकू दुरुस्त करायचा. घडी घालून मिटणारे, तळहातात मावणारे. कुणाच्या आजोबांचा, कुणाला कपाटाच्या तळाशी सापडलेला, कुणाचा मिटला तो गंजून पुन्हा न उघडलेला. लोक त्याला धारवाला म्हणत आणि त्याचा पारा चढे. धार काय, कुणीही लावतो. चाक फिरवलं की झालं. घुम्याकडे चाकू आला की आधी कितीतरी वेळ तो नुसता बघत बसायचा. मग बिजागरीत तेलाचा थेंब सोडून चाकू बाजूला ठेवायचा, आणि तेल आपल्या सवडीने आत झिरपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गंज काढायला तांब्याच्या जुन्या नाण्याची कड वापरायचा, कारण तांबं पोलादापेक्षा मऊ, ते गंज खरवडतं आणि पात्यावर ओरखडा उठू देत नाही. गंज निघाला तरी पात्यावरचा काळसर रंग मात्र तसाच ठेवायचा. "तो डाग नाही, वय आहे ते. तुमच्या डोक्यावरचे पांढरे केस मी उपटले तर चालतील का?" असं विचारायचा, आणि समोरचा टकला असला की घड्याळजीला हसू आवरायचं नाही.

एकदा एक गृहस्थ आजोबांचा चाकू मशीनवर घासून आरशासारखा लखलखीत करून घेऊन आले. तोंडभर हसत त्यांनी तो पुढे केला. घुम्याने तो तळहातावर घेतला आणि कुणाच्या घरचं कुणी गेल्यावर विचारतात तशा आवाजात विचारलं, "कधी झालं हे?"

तर असा हा माणूस. वस्तूचं वय जपणारा, जरा जास्तच जपणारा. फक्त एका बाबतीत त्याला दयामाया नव्हती, आणि ती म्हणजे चाकूचा बोल. चाकू पूर्ण उघडला की पात्याचं बूड मुठीतल्या मागच्या कमानीवर, म्हणजे पोलादी स्प्रिंगवर, बसतं आणि आवाज होतो. घुम्या त्याला बोल म्हणायचा. चांगल्या चाकूचा बोल एकच आणि स्वच्छ असतो: टक्. खळ् नाही, खुट् नाही, फरफटल्यासारखा नाही. पातं ज्यावर फिरतं तो आतला खिळा झिजला असेल, भोक रुंदावलं असेल, कमान सैल झाली असेल, तर बोल बिघडतो. रंग जुना चालेल, मुठीला तडा चालेल, पण बोल शुद्ध पाहिजे, हा त्याचा हट्ट होता.

घुम्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी चार माणसांत तोंड उघडायचा नाही म्हणून बापाने ठेवलेलं. आता त्याचे केस पिकले, गल्ली त्याला 'चाकूवाले' म्हणते, आणि घरातली थोरली बहीण, ताई, नुसत्या 'अरे'वर भागवते. घुम्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि तेही दिवसातून एकदाच म्हणायचं.

ते माणूस म्हणजे बाबा. बाबांनी उभा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात काढला. खांबावर चढायचं, एका हाताने खांबाला मिठी मारायची आणि दुसऱ्या हाताने काम करायचं. त्यांचा चाकू त्यांच्याबरोबर प्रत्येक खांबावर चढलेला. शिंगाची मूठ, एकच पातं, आणि पात्याच्या बुडाशी एक बारीक खाच. तारेवरचं वेष्टण सोलायला ती त्यांनी स्वतः कानशीने पाडली होती. दुसरा हात मोकळा नसल्याने ते चाकू एकाच अंगठ्याने तिरका रेटून उघडायचे. इतकी वर्षं तसं रेटून शिंगाच्या मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता, आणि पातं आत ढिलं झालं होतं. डावीकडे ढकललं की डावीकडे, उजवीकडे ढकललं की उजवीकडे. चाकूवाल्याच्याच घरात असा चाकू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घुम्याने किती वेळा मागितला असेल! "बाबा, एकदा द्या हो माझ्याकडे. घट्ट करून देतो."

"चालतोय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस?" बाबा म्हणायचे आणि चाकू खिशात टाकायचे. तो खिशातून काही बाहेर यायचा नाही. यायचा तो फक्त संध्याकाळी, सफरचंद सोलायला. ही या घरची जुनी रीत. कामावरून आले की बाबा टेबलाशी बसायचे, फळ सोलायचे, फोड पात्याच्या टोकावर घ्यायचे आणि एकेकाला द्यायचे. शाळेत जायला लागल्यावर एकदा घुम्याने फोड घेतली आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे ताठ उभं राहून "आभारी आहे" म्हटलं. बाबांनी डोक्यात टपली मारली. "घरात कसले रे आभार? आभार परक्यांचे मानतात. गप खा."

पुढे बाबांची आठवण जायला लागली. आधी वस्तूंची नावं गेली, मग रस्ते गेले, मग माणसं. ताई आता त्यांच्या लेखी घरकाम करणाऱ्या कुणी बाई होत्या. "बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील, जा तुम्ही," असं ते तिला रोज कळकळीने सांगायचे. ताई म्हणायची, "जाते हं," आणि पोळ्या लाटायला आत जायची. घुम्या हा त्यांच्या टेलिफोन कचेरीतला साहेब होता. साहेब घरी आलेले बघून बाबा दिवसभर जरा अवघडून बसायचे. डोळेही अधू झालेले, त्यामुळे बघून ओळखायची आशाच नव्हती. खिशात हात घालून ते मिटलेला चाकू कुरवाळायचे. कधी अर्धवट उघडून पातं अंगठ्याने डावं-उजवं करत राहायचे. घरभर तो बारीक आवाज चालू असायचा, आणि ताई म्हणायची, "घरात उंदीर झालाय की काय असं वाटतं बाई."

पण संध्याकाळ झाली, ताईने सफरचंद धुऊन बशीत ठेवलं, की बाबा चाकू काढायचे. अंगठ्याने तिरका रेटून उघडायचे. चाकू त्याच्या त्या बिघडलेल्या आवाजात बोलायचा, आणि बाबांचा चेहरा बदलायचा. हात आपोआप चालायला लागायचे. साल निघायची, फोड व्हायची, फोड टोकावर बसायची, आणि हात टेबलापलीकडे यायचा.

"घे रे घुम्या."

बस्स, एवढंच. दुसरी फोड ताईला मिळायची, तीही "घे गं" म्हणून. फळ संपलं, चाकू मिटला, की पुन्हा साहेब आणि बाई. पण तेवढ्यासाठी घुम्या दुकान लवकर बंद करायचा. समोर गिऱ्हाईक असलं तरी कुलूप हातात घेऊन उभा राहायचा. घड्याळजी म्हणायचा, "जा बाबा जा, तुझी हजेरी चुकेल." थट्टेत म्हणायचा, पण घुम्याला कधी थांबवायचा नाही.

एका संध्याकाळी साल काढताना पातं कललं. ढिलंच ते, कलायचंच कधीतरी. बाबांच्या अंगठ्यात रुतलं. बाबांना कळलंही नाही. त्यांनी फोड कापली, टोकावर घेतली आणि हात पुढे केला. फोड लालभडक झाली होती.

"घे रे घुम्या."

ताई किंचाळली. मग धावपळ, थंड पाणी, कापूस, पट्टी. बाबा गोंधळून दोघांकडे बघत राहिले. "काय झालं साहेब? माझं काही चुकलं का?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

"आजपासून चाकू बंद," ताई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली. "उद्या गळ्याला लागला म्हणजे?"

"ताई, चाकू काढून घेतला तर त्यांच्याकडे राहतं काय? आणि आपल्याकडे तरी?"

"मला कळत नाही का ते? पण हे बघवत नाही रे मला."

"मी घट्ट करतो. पातं हललंच नाही की झालं. मग लागायचा प्रश्नच नाही."

ताईने रक्ताळलेला कापूस डब्यात टाकला. "कर बाबा. इतकी वर्षं टपून बसला होतास ना, मिळाला एकदाचा." हे ती रागाने बोलली, पण त्यात खोटं काही नव्हतं, आणि घुम्याला ते झोंबलं.

त्याने बाबांना विचारलं. रीतसर, समोर बसून. "बाबा, तुमचा चाकू दुरुस्त करू का?"

"करा की साहेब," बाबा म्हणाले.

त्या दिवसांत बाबा सगळ्यालाच 'करा की' म्हणत. खिडकी लावू का, करा की. दिवा मालवू का, करा की. घुम्याला हे ठाऊक होतं. तरीही त्याने ते होकारातच धरलं. माणसाला हवं ते उत्तर मिळालं की तो दुसऱ्यांदा विचारायला जात नाही.

एवढ्या निगुतीने त्याने आयुष्यात कुठलं काम केलं नसेल. रंगाला हात लावायचा नाही, असं त्याने आधीच ठरवून टाकलं. अंगठ्याचा खळगा तसाच, मुठीचा तडा तसाच, तार सोलायची खाच तर बाबांची सहीच, तिला फडकंसुद्धा लागू द्यायचं नाही. बाबांनी कुठूनही बघितलं तरी चाकू तोच दिसला पाहिजे. मग त्याने खिळ्याचं डोकं हळूहळू घासलं, खिळा ठोकून बाहेर काढला, पातं सुटं केलं. खिळा मधोमध झिजून कमरेत बारीक झाला होता. पात्यातलं भोक एका बाजूला ओढलं जाऊन अंड्यासारखं झालं होतं. "काय हाल झालेत रे तुझे," घुम्या त्या पात्याला म्हणाला. भोक त्याने पुन्हा गोल करून घेतलं, त्यात पितळेचं बारीक बुश, म्हणजे नळीसारखं कडं, बसवलं, कमान साफ केली, नवा खिळा घालून तो हलक्या हाताने ठोकून बसवला. जुना खिळा टाकाऊ डब्यात गेला.

मग त्याने चाकू उघडला.

टक्.

घड्याळजीने भिंग वर केलं. "पुन्हा कर बघू." घुम्याने पुन्हा उघडला. टक्. "वा! याला म्हणतात काम," घड्याळजी म्हणाला. घुम्याला लहान मुलासारखा आनंद झाला. इतकी वर्षं बापाच्या खिशात एक चाकू बोबडं बोलत होता, आज तो नीट बोलला. चाकू मऊ फडक्यात गुंडाळून तो घरी गेला तेव्हा वाटेत स्वतःशीच हसत होता.

बशीत सफरचंद तयार होतं. घुम्याने चाकू बाबांच्या हातात ठेवला. बाबांची बोटं मुठीवर फिरली, अंगठा खळग्यात जाऊन बसला आणि ते हसले. ताईने सुटकेचा श्वास टाकला. बाबांनी अंगठ्याने तिरका रेटा दिला.

टक्.

बाबांचा हात थांबला. त्यांनी चाकू मिटला, पुन्हा उघडला, कान जरा कलता केला. मग पातं अंगठ्याने डावीकडे ढकललं. हललं नाही. उजवीकडे ढकललं. हललं नाही. दुसऱ्याची वस्तू हाताळावी तसा त्यांनी चाकू जपून मिटला आणि बशीच्या कडेला ठेवला.

"छान आहे. कुणाचा?"

"तुमचाच आहे, बाबा. हे बघा, ही खाच बघा. तुम्हीच पाडलीय ना?"

बाबांनी अदबीने खाचेवर बोट फिरवलं. "नाही हो साहेब. माझा असा बोलत नाही." मग त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले, आणि पुन्हा सदऱ्याचा. "इथेच होता," ते म्हणाले. "आत्ता इथेच होता."

शेवटी ताईने स्वयंपाकघरातल्या सुरीने फोडी केल्या. बाबांनी त्या खाल्ल्या. कुणाला दिल्या नाहीत.

होईल सवय, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं. सवय झाली नाही. बाबा सकाळपासून खिसे चाचपायचे. उशीखाली बघायचे, चपलांत बघायचे, ताईला बाजूला घेऊन विचारायचे, "बाई, तुम्हाला एक चाकू दिसला का हो? तुमच्यावर आळ घेत नाहीये मी, नुसतं विचारतोय." ताई न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि रडून यायची. घुम्या अजूनही दुकान लवकर बंद करून यायचा. का यायचा ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मग त्याने केलेलं काम उकलायला घेतलं. टाकाऊ डबा टेबलावर उपडा केला आणि त्या कचऱ्यातून तो कमरेत बारीक झालेला खिळा शोधून काढला. बुडत्याला काडीचा आधार. बुश काढलं, जुना खिळा घातला. पण भोक आता गोल होतं, आधीपेक्षा मोठं, आणि पातं त्यात खुळखुळ्यासारखं नाचायला लागलं. जुना ढिलेपणा असा नव्हता. तो भोकाच्या एकाच बाजूच्या झिजेचा होता, खांबावर लोंबकळत एका अंगठ्याने रेटून रेटून आलेला. घुम्याने बुश पुन्हा बसवलं आणि त्या बुशाला कानशीने तशी झीज पाडायला सुरुवात केली. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या चाकूंची झीज भरून काढली, तो आता झीज करत बसला होता. घड्याळजी दारात येऊन उभा राहिला आणि त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

"मूळ आवाज कसा होता, ते आठवतंय का तुला?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय? रोज ऐकत होतो."

"मग करून दाखव तोंडाने."

घुम्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्या संध्याकाळी घड्याळजी घरी आला. बाबा आत पडले होते. बाहेर टेबलाशी तिघं जण चाकू उघडत आणि मिटत बसले. घड्याळजी म्हणाला, आधी मोठा खट्, मग लगेच बारीक टिक्. आयुष्य टिकटिक ऐकण्यात गेलंय, मला सांगू नका. ताई म्हणाली, काहीतरीच काय, आधी बारीक आणि मग मोठा, मी काय बहिरी आहे? घड्याळजीने टेबलावर नखाने वाजवून दाखवलं. ताईने चमचा घेऊन वाजवून दाखवलं. दोघंही हट्टाला पेटले. एरवी बघणाऱ्याला हसू आलं असतं. दोन पिकली माणसं नखं आणि चमचे वाजवत भांडत बसली होती. घुम्याने मात्र चमचा उचललाच नाही. त्याच्या ध्यानात आलं होतं की तो आवाज त्याला आठवत नाही. रोज ऐकला, पण ऐकताना त्याला फक्त त्यातलं काय बिघडलंय तेवढंच ऐकू यायचं. तो आवाज नीट ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते आत झोपलं होतं.

तरी त्याने सोडलं नाही. केसभर घासायचं, खिळा घालायचा, उघडून बघायचं, पुन्हा काढायचं. आणि एक दिवस काय झालं, घरी टेबलाशी त्याने चाकू उघडला तेव्हा खिडकीशी बसलेल्या बाबांनी मान वळवली.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं. आवाज वेगळाच होता. साहेबाशी बोलायचा नव्हता.

घुम्याने जवळजवळ धावत जाऊन चाकू त्यांच्या हातात दिला. ताईने बशी आणली. हातातून सफरचंद एकदा निसटून जमिनीवर पडलं, ते तिने पदराला पुसलं. बाबांनी चाकू उघडला, अंगठ्याने पातं हलवलं, पुन्हा हलवलं. मग साल काढायला लागले. लांब साल खाली लोंबायला लागली. घुम्या टेबलापलीकडे बसला होता. फळ अर्धं सोलून झालं. मग बाबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पातं एकदा हलवून बघितलं. काहीतरी नव्हतं, किंवा काहीतरी जास्त होतं. त्यांनी चाकू खाली ठेवला आणि अर्धं सोललेलं सफरचंद हातात धरून बसून राहिले.

"राहू दे," ताई हळूच म्हणाली. "इतकं जमलंय, आता तसंच राहू दे. उद्या पुन्हा देऊन बघू. हात नको लावूस."

शहाण्या माणसाने ऐकलं असतं. पण अर्धवट काम ठेवायची घुम्याला सवयच नव्हती. एवढंसंच राहिलंय, त्याला वाटलं, कानशीचा एकच हात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्याने तो हात मारला. मग त्याला वाटलं, आणखी एक. अति तिथे माती हे तो इतरांना किती वेळा ऐकवायचा! चाकू उघडला तेव्हा त्याला स्वतःलाच कळलं. पातं पार सैल झालं होतं, नुसतं उचललं तरी खाली पडत होतं. असा चाकू बाबांच्या हातात देणं म्हणजे पुन्हा रक्त. त्याने नवं बुश बनवलं, ते घासलं, मग आणखी एक बनवलं. पण खिडकीशी बसलेल्या बाबांना मान वळवायला लावणारा तो आवाज पुन्हा लागला नाही. कुठे होता तेच आता कळत नव्हतं. आधीच्या त्या दिवशी तो कसा जमला होता, हेही त्याला सांगता येईना.

"बस कर," शेवटी घड्याळजी म्हणाला. त्याने घुम्याच्या हातातली कानस काढून घेतली आणि खणात टाकली. "पातं कुरतडून संपवशील अशाने. घट्ट कर आणि दे. निदान बोट तरी कापायचं नाही."

घुम्याने घट्ट केला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चाकू पुन्हा टक् बोलायला लागला, स्वच्छ, एकच.

त्या संध्याकाळी ताईने सफरचंद ठेवलं. ती रोज ठेवायची. बाबांनी चाकू उघडला, ऐकला, मिटला आणि टेबलावरून सरकवत घुम्याच्या पुढ्यात आणून ठेवला. मग ताई आत गेल्याची खात्री करून ते जरा पुढे झुकले.

"साहेब, तुम्ही भले दिसता म्हणून सांगतो. हा चाकू कुणाचा तरी राहिलाय इथे. ज्याचा असेल तो शोधत असेल बिचारा. त्याला पोचता करा."

"करतो," घुम्या म्हणाला.

"आणि माझा हरवलाय. घरात नाही, मी सगळीकडे बघितलं." बाबांनी आवाज आणखी खाली आणला. "माझा मुलगा याच कामातला आहे. घुम्या म्हणतात त्याला. बोलत नाही फारसा, पण तुम्ही विचारलंत तर सांगेल. त्याच्याकडे जा आणि म्हणावं, बापाचा चाकू सापडत नाहीये. तो बरोबर शोधून देईल. त्याच्या हातून कुणाची वस्तू बिघडत नाही."

काखेत कळसा नि गावाला वळसा, हे घुम्या एरवी हसत म्हणाला असता. त्याने टेबलाची कड घट्ट धरली. बाबा, मीच घुम्या, हे त्याने याआधी कितीदा सांगून पाहिलं होतं. दर वेळी बाबा ओशाळून हसायचे, असेल असेल म्हणायचे, आणि मग बराच वेळ घाबरून बसायचे. म्हणून त्याने सांगितलं नाही.

"सांगतो त्याला," तो म्हणाला.

"नक्की सांगा हं. विसरू नका." बाबा मागे रेलले. "लोक विसरतात हो."

सफरचंद बशीत तसंच होतं. घुम्याने चाकू उचलला आणि उघडला. सोलायला घेतलं. पातं जराही हललं नाही, साल अखंड निघाली. इतका सुरेख तो चाकू कधीच चालला नव्हता. त्याने फोड कापली, टोकावर घेतली आणि हात टेबलापलीकडे नेला. बाबांनी चाचपडत ती काढून घेतली, आणि जरा ताठ बसून, नीट शब्द लावून म्हणाले,

"आभारी आहे."